ज्यांना खुनी कोण ते ठाऊक आहे, त्यांना खुले पत्र

प्रति,
टोरंटो आणि आसपासचे सर्व हौशी तपासकर्ते,
विशेष करून मिसिसागातल्या आमच्या शनिवारच्या टेबलावरचे पाचजण

स.न.वि.वि.

मागच्या शनिवारी मी कॉफी अर्धी टाकून उठलो. पाठ भरून आलीय असं सांगितलं, ते निमित्त होतं. खरं कारण असं, की आपल्यातल्या एकाने पेपर नॅपकिनवर ओल्ड कॉलनी रोडवरच्या त्या घराचं तळघर काढलं. पोहण्याचा तलाव इथे, जिना इथे, मागचं दार इथे. मग साखरेच्या दोन पुड्या तलावाच्या कडेला नीट मांडून ठेवल्या. एक बॅरी शर्मन, एक हनी शर्मन. चर्चा रंगात आली आणि दुसऱ्या कुणीतरी त्यातली एक पुडी न बघता उचलून, फाडून, आपल्या कपात ओतली. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो, नाहीतर या पत्राला साळसूदपणाचा वास यायचा.

त्यानंतर जे बोलणं झालं त्यासाठी हे पत्र आहे. पण तिथे थोड्या वेळाने येतो.

हे पत्र पुण्यामुंबईतही वाचलं जाईल, म्हणून हकिगत थोडक्यात सांगतो. बॅरी शर्मन म्हणजे ॲपोटेक्सचे संस्थापक. 1974 साली सुरू केलेली ही कंपनी कॅनडातली जेनेरिक औषधांची फार मोठी कंपनी झाली आणि शर्मन अब्जाधीश झाले. वय 75. पत्नी हनी 70 वर्षांच्या, दानधर्मात आणि संस्थांच्या कामात बुडालेल्या. 13 डिसेंबर 2017 च्या संध्याकाळी दोघंही कंपनीच्या कार्यालयात नव्या घराच्या वास्तुरचनाकारांबरोबर बसले होते. त्यानंतर ते कुणाला जिवंत दिसले नाहीत. नॉर्थ यॉर्कमधलं त्यांचं राहतं घर विकायला काढलेलं होतं. 15 तारखेला एजंट गिऱ्हाइकांना घर दाखवत तळघरात गेली आणि तलावाच्या कडेला दोघांचे मृतदेह दिसले. गळ्याभोवती चामड्याचे पट्टे, पट्टे कठड्याला बांधलेले, देह अर्धवट बसल्यासारखे.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी सांगितलं की दार फोडून कुणी आत शिरल्याच्या खुणा नाहीत आणि आम्ही कुणाच्या शोधातही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांत सूत्रांच्या हवाल्याने बातमी: नवऱ्याने बायकोला मारलं आणि स्वतःला संपवलं, असा तर्क आहे. मुलांनी लगेच निषेध केला, पण बातमी सुटली ती सुटली. 21 तारखेच्या अंत्यविधीला हजारो लोक होते, पंतप्रधान ट्रूडोही होते, आणि शवपेट्या समोर असताना त्यांतल्या एका माणसावर दुसऱ्याच्या खुनाचा अघोषित आरोप होता. घरच्यांनी स्वतःचे निवृत्त पोलीस अधिकारी नेमले, दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा शवविच्छेदन करवून घेतलं, आणि त्यात मनगटं बांधल्यासारख्या खुणांचा मुद्दा पुढे आला. 26 जानेवारी 2018 ला पोलिसांनी जाहीर केलं की हा दुहेरी खून आहे आणि दोघांनाही ठरवून मारलं आहे.

15 डिसेंबर ते 26 जानेवारी. बेचाळीस दिवस.

आपल्या टेबलावर या बेचाळीस दिवसांवरून पोलिसांना यथेच्छ शिव्या बसतात. मीही घातल्यात. पण पोलिसांचं नेमकं चुकलं काय, हे आपण कधी नीट पाहिलं का? दोन देह, दोन पट्टे, शाबूत दारं. तीन ठिपके दिसले आणि हाताने आपोआप रेघ ओढली. ही रेघ ओढायला डिटेक्टिव्ह असावं लागत नाही. आपण दर शनिवारी तेच करतो, फक्त आपल्याकडे तीनसुद्धा ठिपके नसतात.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. सव्वीस वर्षं जेनेरिक औषधांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये (शर्मन यांच्या नव्हे, दुसऱ्या). गोळीत औषध लेबलवर छापलेल्या मात्रेच्या 95 ते 105 टक्के असायला हवं आणि मशीनवर आकडा आला 93.2. प्रत्येक ॲनालिस्टचा पहिला उद्गार एकच असतो, "डायल्यूशन चुकलं असणार." आणि दहातल्या काही वेळा ते खरंही असतं. पण नियम असा, की त्या क्षणी कशालाही हात लावायचा नाही. फ्लास्क ओतून टाकायचा नाही. पिपेट धुवायची नाही. सुपरवायझर येईपर्यंत सगळं होतं तसं बाकावर ठेवायचं, आणि मग एकेक तपासायचं: वजन, द्रावण, कॉलम, हिशेब. "असणार" हा शब्द रिपोर्टात चालत नाही. पूर्वी काही कंपन्या पास होईस्तोवर पुन्हा पुन्हा टेस्ट करायच्या आणि पास झालेला आकडा तेवढा ठेवायच्या. 1993 साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने त्याला चांगलाच चाप लावला आणि आमच्या सगळ्या धंद्याची रीत बदलली. ट्रेनिंगला आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो, की बाबा रे, फ्लास्क टाकू नको.

शनिवारचं टेबल म्हणजे फ्लास्क मोरीत ओतण्याचा कारखाना झालाय. ज्याला "पैशासाठी घरच्यांनीच" असं वाटतं, त्याला धंद्यातली वैरं दिसत नाहीत. ज्याला औषध कंपन्यांची टोळीयुद्धं दिसतात, त्याने जेनेरिकवाल्यांच्या लढाया पाहिलेल्याच नाहीत. अहो, पेटंटच्या लढाया वकील लढतात, वर्षानुवर्षं, खोक्यांनी कागद वाहून, आणि दोन्हीकडचे संध्याकाळी एकाच हॉटेलात जेवतात. आणि एक निरीक्षण सांगतो, राग मानू नका. ज्याचा भावाशी वडिलोपार्जित जमिनीवरून दावा चालू आहे, त्याला पहिल्या दिवसापासून नातलगच खुनी वाटतात. ज्याला पार्टनरने बुडवलं, त्याला धंद्यातला माणूस. माझा सिद्धान्त तर सगळ्यांत विद्वत्तेचा होता, कारण मला माझ्या विद्वत्तेची हौस आहे. शर्मनांच्या घरात काय झालं हे यातून काडीचं कळत नाही. आपापल्या घरात काय झालंय ते मात्र कळतं.

आता पुण्याचं सांगतो. मी हे टेबलावर कधी बोललो नाही.

1976 साली मी चौदा वर्षांचा होतो, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला आणि बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरच्या रात्री, भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाचजणांचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे काशीनाथशास्त्री, त्यांच्या पत्नी, घरकाम करणाऱ्या बाई, दोन तरुण नातवंडं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. संध्याकाळी सातला रस्ते ओस. दुधवाल्यालासुद्धा आधी खिडकीतून नाव विचारायचं. ज्या वाड्याच्या दिंडीला कधी कडी लागली नव्हती तिथे लोखंडी अडसर आला.

आणि तर्क! प्रत्येक ओट्यावर एक डिटेक्टिव्ह. कोणी म्हणे दरोडेखोरांची टोळी, कोणी म्हणे नरबळी, कोणी म्हणे नोकरचाकरांपैकी. आमच्या वाड्याचा संशय धारवाल्यावर आला. सायकलवर सहाणेचं चाक बसवलेला माणूस, महिन्यातून एकदा यायचा, विळ्या-सुऱ्यांना धार लावून द्यायचा. स्टँडवर सायकल चढवून तो पायडल मारायचा, चाकातून ठिणग्या उडायच्या आणि आम्ही पोरं त्या ठिणग्यांत हात घालायचो. घरोघरी दारापर्यंत येतो, घरात कोण कोण आहे त्याला माहीत, वर सुऱ्यांशी संबंध. झालं! खुनांत सुरीचा नव्हे तर दोराचा वापर झालाय, हे पेपरात छापून आलं होतं, पण कुणाला त्याची पडली होती?

डिसेंबरात तो आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोघा-तिघांनी त्याला बोळातच अडवला. परवा भांडारकर रोडला होतास का? तो नाही म्हणाला. मी तिथेच उभा होतो. आणि मी म्हणालो, "मी पाहिलंय ह्याला, तिकडेच."

मी पाहिलं नव्हतं. मी भांडारकर रोडला आठवडाभरात गेलोच नव्हतो. पण सगळी मोठी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली होती, आणि चौदाव्या वर्षी असं बघणं रोज मिळत नाही.

त्याला मारला. फार नाही, म्हणजे मारणाऱ्यांच्या मते फार नाही. सायकल आडवी पडली तरी सहाणेचं चाक बराच वेळ फिरत राहिलं. तो परत कधी आमच्या बोळात आला नाही. आईने त्यानंतर कितीतरी महिने बोथट विळीवर भाजी चिरली, नवा धारवाला काही मिळेना. "तो बिचारा बरा होता," असं ती एकदा म्हणाली आणि मी ताटावरून उठलो.

मार्च 1977 मध्ये अनिल गोखले नावाच्या कॉलेजातल्या मुलाचा मृतदेह लोखंडी शिडीला बांधलेल्या अवस्थेत नदीत वर आला. पोलिसांनी ओळखीपाळखीतल्या पोरांच्या जबान्या घेतल्या, जबान्या एकमेकींशी जुळेनात, एकजण माफीचा साक्षीदार झाला. खुनी निघाले टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. चित्रकला शिकणारी पोरं! एकूण दहा खून. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. पहिला खून तर जानेवारी 1976 मध्येच झाला होता, त्यांच्याच वर्गमित्राचा, आणि तो मुलगा घर सोडून गेलाय असंच सगळे धरून चालले होते. म्हणजे सगळं पुणं तर्क लढवत होतं तेव्हा पहिला मुडदा पिंपात घालून तळ्याच्या तळाशी होता आणि हिशेबात कुणाच्याच नव्हता. आमच्या वाड्याच्या संशयितांच्या यादीत गोसावी होते, गुरखे होते, धारवाला होता. चित्रकला शिकणारा एकही नव्हता.

नोएडाची आरुषी तलवारची केस तुम्हाला आठवतच असेल, म्हणून थोडक्यात. मे 2008 मध्ये मुलीचा खून झाला, घरातला नोकर हेमराज बेपत्ता, म्हणून तोच खुनी असं ठरवून त्याची शोधाशोध सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीत तो मेलेला सापडला. गच्चीला कुलूप होतं आणि पहिल्या दिवशी ते कुणी उघडून बघितलं नाही. गोष्ट आधीच पूर्ण झाली होती.

आता शनिवारी जे बोलणं झालं ते.

पोलिसांनी डिसेंबर 2021 मध्ये एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. शर्मनांच्या घराच्या परिसरात त्या सुमारास चालत गेलेला एक माणूस. चेहरा दिसत नाही, बर्फाळ रस्ता, अंगभर कपडे. उंची साधारण 5 फूट 6 इंच ते 5 फूट 9 इंच. चालताना उजवं पाऊल जरा वर झटकतो. त्याची ओळख आजवर पटलेली नाही. पोलिसांनी व्हिडिओ दाखवला तो एवढ्यासाठी, की ती चाल ओळखणारा कुणीतरी पुढे यावा. हेतू बरोबर आहे. पण वर्षानुवर्षं आपण तो व्हिडिओ फोनवर पुढेमागे करत बसलो आणि शेवटी शनिवारी आपल्यातला एकजण, आवाज खाली आणून, म्हणाला, "आमच्या बिल्डिंगचा सुपर बघितलायस का कधी चालताना?"

आणि टेबल शांत झालं. ती शांतता मी ओळखली. बोळातली होती.

तो सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, मला माहीत आहे. तुमच्याकडे हीटिंग बंद पडलं होतं तेव्हा रात्री दीडला तो वर आला होता, मी तिथेच मुक्कामाला होतो. पायऱ्यांवर मीठ टाकताना त्याचा पाय झटकतो, कारण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हे त्याने मला स्वतः सांगितलं, मी माझ्या गुडघ्याचं रडगाणं गायलं तेव्हा. पाच मिनिटांत तुम्ही त्याचा देश काढलात, त्याचं पूर्वी काय काम होतं ते काढलंत, "इतक्या पगारात तशी गाडी कशी" हेही काढलंत. एकाने फोन बाहेर काढला आणि म्हणाला, पुढच्या वेळी मी त्याचा चालतानाचा व्हिडिओ घेतो आणि टाकतो. मग मी पाठीचं निमित्त केलं. त्याच वेळी स्पष्ट बोलायला हवं होतं. चौदाव्या वर्षी नको तिथे तोंड उघडलं आणि साठी उलटल्यावर हवं तिथे उघडलं नाही.

पाच फूट सहा ते पाच फूट नऊ. आपल्या सहाजणांतले चौघं या उंचीत बसतात. त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत. मी पाच फूट सात आहे.

तुमच्यातला कुणी म्हणेल, मग काय तोंडाला कुलूप लावून बसायचं? पोलिसांवर सोडून गप्प राहायचं, ज्यांनी बेचाळीस दिवस घालवले? घरच्यांच्या वकिलानेच ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं की पोलिसांकडून घरातले पंचवीस हाता-बोटांचे ठसे सुटले होते. मान्य. मी गप्प बसा म्हणत नाही. टोरंटो स्टार या दैनिकाचे पत्रकार केव्हिन डोनोव्हन यांचंच बघा. शर्मनांच्या इस्टेटीची कागदपत्रं न्यायालयाने सीलबंद केली होती. ती उघडावीत म्हणून ते लढले, प्रकरण थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जून 2021 मध्ये एकमताने निकाल लागला की उघडा. वारसांना खासगीपण हवं होतं, भीतीही होती. न्यायालयाने त्यांचं ऐकून घेतलं आणि तरी सांगितलं की न्यायालयाचं काम उघड्यावरच चाललं पाहिजे. मला तो निकाल पटतो. पण फरक बघा. तो माणूस कागद मागायला कोर्टात गेला, आणि हाती आलेला कागद आपल्या नावाने छापला. त्याच्यावर खटला भरता येतो. नॅपकिनवर खटला भरता येत नाही.

आणि शर्मन कुटुंबाने आधी एक कोटी डॉलर आणि नंतर वाढवून साडेतीन कोटी डॉलरचं बक्षीस लावलंय, ते तर्कासाठी नव्हे, माहितीसाठी. सुपरबद्दल खरंच काही माहिती असेल, म्हणजे त्या दिवशी तो कुठे होता हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, तर क्राइम स्टॉपर्सला फोन करा, नाव सांगावं लागत नाही. फोन करण्याएवढी खात्री नसेल तर तो विषय आपल्या टेबलावरही नको. व्हिडिओ तर अजिबात घेऊ नका. घेतला असेल तर माझ्यादेखत पुसा. हे एक वाक्य मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

माझंही एक पाप कबूल करतो. शर्मनांचं घर 2019 मध्ये पाडलं. त्यानंतर एका रविवारी मी आणि आपल्यातले दोघं (कोण ते त्यांना ठाऊक आहे) 401 महामार्गावरून बेव्ह्यूला उतरून मुद्दाम ओल्ड कॉलनी रोडला गेलो होतो. मोकळा प्लॉट, कुंपण. आम्ही "तो" कुठून आला असेल, किती पावलं पडली असतील, ते मोजत रस्त्याने चाललो. समोरच्या घरातून एक बाई कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आल्या. आम्हाला बघून थांबल्या. काहीच बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, फक्त डबा ठेवून आमची पाठ वळेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांच्या फाटकासमोर अशी पावलं मोजणारे आम्ही कितवे होतो कोण जाणे. परतताना गाडीत आमचं बोलणं काय झालं, तर त्या बाईंना काहीतरी माहीत असणार.

घरी आल्यावर मी माझी वही काढली. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मी 2018 पासून या केसची वही ठेवली आहे, लॅबच्या सवयीने, पानांना नंबर घालून, तारखेसकट. पान 11 वर माझा सिद्धान्त आहे, अडीच पानं, बाण वगैरे काढून. त्यात एका माणसाचं नाव आहे, जो जिवंत आहे आणि ज्याच्याविरुद्ध माझ्याकडे काडीचाही पुरावा नाही.

पान फाडणार होतो. पण लॅबमध्ये पान फाडता येत नाही, व्हाइटनरही चालत नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही, तारीख, कारण. काल रात्री अडीच पानांवर ओळीओळीने रेघा मारल्या, तासभर गेला. कारणाच्या जागी "पाहिलं नव्हतं" असं लिहिलंय.

शनिवारी वही घेऊन येतो. कॉफी माझ्याकडून. नॅपकिन कुणाकडे राहिला असेल तर तोही आणा.

आपला,
खिडकीकडच्या खुर्चीवरचा